जंगलातला कार्बन आणि गावाचा वाटा

नमस्कार. विषय मोठा दिलाय तुम्ही, वाट्यावर येतोच, पण आधी टेप, झाडातल्या कार्बनचा हिशोब तिथूनच सुरू होतो. लोकांना वाटतं फॉरेस्ट सायंटिस्ट म्हणजे जन्मभर वाघ बघत फिरला असेल. अहो, वाघ आम्हाला बघतो, आमचं डोकं बुंध्याशी असतं, घेर मोजत.

तर घेर मोजायचा छातीच्या उंचीवर. गडचिरोलीत सोबतीला गावातले एक काका होते, बुटके, त्यांनी पहिल्याच झाडापाशी विचारलं, "कोनाची छाती जी साहेब? तुमची का माझी?" हसताय तुम्ही, पण प्रश्न बरोबर आहे! आपल्याकडे ही छाती १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर धरतात, बाहेर बऱ्याच ठिकाणी १.३० वर. शिवाय झाड उतारावर असेल तर चढाच्या बाजूला उभं राहून मोजायचं, त्या उंचीच्या खालीच दोन बुंधे फुटले असतील तर दोन झाडं धरायची, हे सगळं मी समजावतोय तोवर काकांनी बांबूची काठी मापात तोडून आणली, म्हणाले, "घ्या, ही सरकारी छाती." मग दिवसभर तीच काठी.

आता गंमत ऐका. पुढे शहरातून एक कन्सल्टंट आले, नाव नको, त्यांच्या फॉर्मात १.३०. म्हणाले, सर, ऑफिसात बसून ॲडजस्ट करू. अहो, बुंधा खाली जाड असतो, सात सेंटीमीटरचा फरक साल, साग, मोह सगळ्या झाडांत सारखा थोडाच पडतो? मी म्हटलं परत मोजा. तेव्हापासून माझ्याशी फक्त ईमेलवर बोलतात.

(आणि हो, देशाच्या वनअहवालात एक हेक्टरवर दहा टक्के जागेवर फांद्या-पानांचं छत्र असलं की वनाच्छादन, मग त्यात आंब्याची बागही येते. त्यावर वेगळं व्याख्यान ठेवा, चहा जास्त लागेल.)

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. बरं, पळतो. घेरावरून घनफळ, त्यावरून कोरडं वजन, त्याचा ०.४७ भाग कार्बन, त्याला ४४ भागिले १२ ने गुणलं की कार्बन डायऑक्साइड. म्हणजे एक टन कोरड्या लाकडामागे साधारण १.७ टन. इथवर शाळेचं गणित.

पण कार्बन क्रेडिट, म्हणजे वाचवलेल्या कार्बनची विकता येणारी पावती, साठ्याला मिळत नाही, फरकाला मिळतं. प्रोजेक्ट नसता तर जंगलाचं काय झालं असतं ती बेसलाइन, आणि तिच्यापेक्षा जे जास्त वाचलं तेवढंच विकायचं. आता गडचिरोलीतलं मेंढा लेखा गाव घ्या, २००९ साली सामूहिक वनहक्क, म्हणजे सगळ्या गावाचा मिळून जंगलावरचा हक्क मिळाला, सुमारे १८०० हेक्टर, राखायला सुरुवात त्याच्या कितीतरी आधीपासून. असं जंगल तुटणारच नव्हतं, मग फरक किती? जवळपास शून्य! ज्याच्या जंगलावर कुऱ्हाड टांगलेली त्याला पैसे, ज्याने आधीच राखलं त्याला सर्टिफिकेट आणि नारळ. माझं भांडण एवढंच आहे, राखणीचं वेगळं मोल द्या, बेसलाइनशी न बांधता.

आणि जिथे क्रेडिट निघतंय तिथे करार तीस-चाळीस वर्षांचे असतात, सही कोण करतंय ते बघा. २००६ च्या वनहक्क कायद्यात कार्बनचा शब्दही नाही. पण बांबूच्या वाहतुकीचा पास २०११ मध्ये मेंढ्याच्या ग्रामसभेच्या हातात आला ना, मग कार्बनच्या करारावर सहीसुद्धा ग्रामसभेचीच हवी, सरपंचाची एकट्याची नको आणि कन्सल्टंटची तर मुळीच नको. प्रश्न असतील तर बाहेर विचारा, हॉल सोडायचाय म्हणतात.