आईचं ताट आणि बाळाची जनुकं

मंडळी, यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत डीएनए एकच असतो. तरी दोघींची कामं वेगळी, कारण प्रत्येकीत काही जनुकं बोलती असतात आणि बाकीची गप्प. गप्प करण्याची एक तऱ्हा म्हणजे डीएनएवर मिथाइल गट चिकटणं. एक कार्बन, तीन हायड्रोजन, एवढासा तो गट. डीएनएचं अक्षरही बदलत नाही, पण तिथलं जनुक बहुधा कमी वाचलं जातं. हा गट येतो जेवणातून. फोलेट आणि बी-12 ही जीवनसत्त्वं त्याची ने-आण करतात.

गर्भ राहिल्यावर पहिल्या दिवसांत मिथाइलच्या या जुन्या खुणा बहुतांशी पुसल्या जातात आणि नव्यानं उमटतात. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न अडवल्यामुळे पश्चिम हॉलंडमध्ये उपासमार झाली. त्या काळात ज्यांचा गर्भ राहिला, त्यांचं रक्त पुढे साठ वर्षांनी तपासलं. वाढीशी संबंधित आयजीएफ-2 जनुकावरच्या मिथाइल खुणा त्यांच्यात सख्ख्या भावंडांपेक्षा कमी निघाल्या. साठ वर्षांनीसुद्धा!

आता आपल्याकडे या. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकारी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले आहेत. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोंची. आपली बाळं दंडाला, पोटाला, सगळीकडेच बारीक. पण खांद्याच्या पात्याखालची कातडी चिमट्यात धरून जाडी मोजली, तेव्हा चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. काट्यावर हडकुळं, आत चरबी राखून असलेलं बाळ!

यातल्या सुमारे दोन तृतीयांश आयांना बी-12 कमी होतं. फोलेट मात्र जवळपास सगळ्यांना पुरेसं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर फोलेट जास्त आणि बी-12 कमी असलेल्या आयांच्या मुलांचं शरीर रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होतं. बी-12 नसेल तर फोलेटवरचा मिथाइल गट तिथंच अडकून राहतो, हे रसायनशास्त्र जुनं आहे. बाळाच्या जनुकांवरच्या खुणा हाच यातला दुवा असावा, असा सबळ कयास आहे. सिद्धतेचं काम चालू आहे.

कृपा करून यातून 'आईनं नीट खाल्लं नाही' असा अर्थ काढू नका. घरातल्या सगळ्यांची जेवणं उरकल्यावर भांड्याच्या तळाशी राहिलेली आमटी भाकरीशी खाणारी, दूध पोरांना देणारी बाई, तिला कसला दोष देता? शिवाय दिवस गेल्याचं कळून दवाखान्यात नाव घालेपर्यंत त्या पहिल्या खुणा उमटूनही गेलेल्या असतात. गोळ्या तेव्हा सुरू करणं म्हणजे उशीरच. म्हणूनच या अभ्यासातली मुलं-मुली वयात आल्यावर, 2012 पासून, त्यांना आई-बाप होण्याआधीच बी-12 द्यायला सुरुवात झाली.