दगडावर काढलेला राजा

नोव्हेंबर १८३१. पॅरिसचं न्यायालय. राजा लुई-फिलिपचा अपमान केल्याचा आरोप आहे 'ला कारिकात्यूर' या व्यंगचित्रांच्या साप्ताहिकाचा संस्थापक शार्ल फिलिपाँ याच्यावर. बचावासाठी तो चार चित्रं पुढे करतो. पहिल्यात हुबेहूब राजा. दुसऱ्यात गाल सुटलेले. तिसऱ्यात डोक्यावरचा झुपका देठासारखा दिसू लागतो. आणि चौथ्यात? नुसती नासपती. फ्रेंच बोलीत नासपती म्हणजे बावळट माणूस.

शिक्षा काही टळली नाही. पण दोन-चार रेषांचा हा राजा कुणालाही काढता येत होता. पॅरिसच्या भिंतींवर नासपत्या उमटू लागल्या.

त्याच वर्षी तेवीस वर्षांच्या चित्रकार ओनोरे दोमिएनं एका चित्रात राजाला खादाड राक्षस केलं. गोरगरीब टोपल्या भरभरून पैसे आणतायत आणि राजा ते गिळतोय. दोमिएला सहा महिन्यांची कैद झाली.

हे सगळं शिळाछापाचं काम. चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनं थेट काढायचं, दगड ओला करायचा, शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई धरत नाही, तेलकट रेषेवर धरते. मधे खोदकाम करणारा कारागीर नाही. चित्रकारानं खडू किती दाबला, तेसुद्धा कागदावर उतरतं.

आता हे चित्र बघा. घाई करू नका.

एप्रिल १८३४. पॅरिसमध्ये उठाव झालेला. सैनिक रू त्रान्सनोनँ या रस्त्यावरच्या एका घरात घुसले आणि राहत्या माणसांना मारून गेले. दोमिएनं नंतरची खोली काढली. पलंगाला टेकून कोसळलेला माणूस, अंगात रात्रीचा सदरा. त्याच्याखाली चिरडलेलं मूल. डावीकडे अंधारात एक बाई, उजव्या कडेला म्हाताऱ्याचा चेहरा. उलटलेली खुर्ची.

यात राजा नाही, सैनिकही नाही. एकही नाक लांब केलेलं नाही, एकही पोट फुगवलेलं नाही. ज्या हातानं राक्षस काढला, त्यानं इथे अतिशयोक्ती पूर्ण बाजूला ठेवली. खडूच्या दाट करड्या छटा, आणि सगळा उजेड त्या पांढऱ्या सदऱ्यावर. माझ्या मते दोमिएचा सरकारवरचा सर्वांत कठोर घाव हाच. हसवणारं चित्र बघून माणूस पुढे जातो. इथे पाय निघत नाही.

सरकारनं तो दगड जप्त केला.

सप्टेंबर १८३५. नवा कायदा आला. लेख छापायला आधी परवानगी नको. चित्र छापायला मात्र हवी. 'ला कारिकात्यूर' त्याच्या थोडे दिवस आधीच बंद झालं होतं.