पस्तीस नॉटची किंमत

मित्रहो, अमेरिकी नौदलाचं ‘स्पिअरहेड’ हे जहाज मूळचं फेरीबोटीच्या घराण्यातलं. १९९९ साली ऑस्ट्रेलियाच्या नौदलाने टास्मानियात बांधलेली एक प्रवासी कॅटामरान, म्हणजे जुळ्या अंगांची बोट, भाड्याने घेतली, तिचं नाव ‘जर्व्हिस बे’ ठेवलं आणि त्याच वर्षी पूर्व तिमोर पेटल्यावर ऑस्ट्रेलियातलं डार्विन ते तिमोरची राजधानी ‘दिली’ अशा फेऱ्या सुरू केल्या. खलाशी तिला ‘दिली एक्सप्रेस’ म्हणत. ते पाहून अमेरिकेचेही डोळे चमकले. ओकिनावातल्या मरीन सैनिकांसाठी २००१ मध्ये अशीच एक बोट भाड्याने आली.

तिचं गणित असं. वेग वाढला की जहाज स्वतःच उठवलेल्या लाटेशी झगडू लागतं आणि इंजिनाची बरीचशी ताकद तिथेच खर्च होते. अरुंद जहाज लाट कमी उठवतं, पण ते कलंडतं. म्हणून अरुंद अशी दोन अंगं शेजारी-शेजारी ठेवून वर एकच डेक टाकायचं. गेटवेहून मांडव्याला कॅटामरानने गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

‘स्पिअरहेड’ची लांबी १०३ मीटर. प्रत्येकी ९,१०० किलोवॅटची चार डिझेल इंजिनं आणि मागे पंख्यांऐवजी पाण्याचा झोत मागे फेकणारे चार वॉटरजेट. सुमारे साडेपाचशे टन भार घेऊन ३५ नॉटने (म्हणजे ताशी ३५ सागरी मैल, सुमारे ६५ किलोमीटर) १,२०० सागरी मैल जायचं, ही मूळ मागणी. पाण्याखाली जेमतेम चार मीटर, त्यामुळे लहान बंदरातही शिरता येतं. मागच्या रॅम्पवरून रणगाडा थेट आत चढतो. तीनशेवर सैनिकांना विमानासारख्या खुर्च्या आहेत. झोपायची सोय मात्र शंभरेक जणांचीच.

हे सगळं जमतं ते ॲल्युमिनियममुळे. पोलादाच्या जवळपास एक तृतीयांश वजन! पण जोडताना हा धातू फार छळतो. त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तो वितळायला दोन हजार अंशांच्या वर उष्णता लागते. आतला धातू ६६० अंशांनाच पाणी होतो. म्हणून आधी थर घासून काढायचा, मग आरगॉन वायूच्या आडोशाने वेल्डिंग. जरा दमट हवा लागली की सांध्यात बारीक छिद्रं. त्यात उष्णता भराभर पसरते आणि पत्रा वाकतो. अमेरिकेत अलाबामातल्या मोबिल शहरी, ही जहाजं बांधणाऱ्या ऑस्टल कंपनीच्या गोदीत, ही कामं छपराखाली होतात ती यासाठीच. जहाजाचे ठोकळे वेगवेगळे तयार करून मग जुळवतात. तयार जहाज उतरंडीवरून पाण्यात सोडत नाहीत. शेकडो चाकांच्या वाहनांवरून ते बार्जवर (सपाट मालनौकेवर) नेतात, तिथून तरंगत्या गोदीत, आणि मग गोदीच पाण्यात बुडवतात. तो सोहळा सावकाश चालतो, शॅम्पेनची बाटली फोडण्याइतका देखणा काही नाही!

आता दुखरी बाजू. वजन वाचवायच्या नादात नाकाडाचा भाग थोडा नाजूक राहिला. खवळलेल्या समुद्रात लाटा तिथे आपटून नुकसान झालं आणि सुरुवातीच्या जहाजांची नाकं नंतर मजबूत करावी लागली. मजबुतीसाठी धातू वाढला, म्हणजे पुन्हा वजन आलंच. माझ्या मते ही चूक म्हणण्यापेक्षा सौदा होता. शांत समुद्र गृहीत धरून वेग विकत घेतला होता.

याच जातीच्या ‘स्विफ्ट’ जहाजावर ऑक्टोबर २०१६ मध्ये येमेनजवळ क्षेपणास्त्र आदळलं. तेव्हा ते संयुक्त अरब अमिरातीकडे होतं. पुढचा भाग जळून गेला, तरी ते तरंगत राहिलं. ‘स्पिअरहेड’ वर्गाची जहाजं आजही मुख्यतः नागरी खलाशीच चालवतात. युद्धनौका नव्हेत त्या. आधीच ताब्यात असलेल्या बंदरांमध्ये माणसं नि सामान पोचवणं हे त्यांचं काम.