राउटर उत्तर देत नाही तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

घरातले इंटरनेट बंद पडले की आपल्या तोंडून एकच वाक्य निघते, 'नेट गेलं.' लाईट जाते, नळाचे पाणी जाते, तसेच नेटही जाते आणि ते जिथून येते तिथूनच बंद झाले असणार, असे आपण धरून चालतो. पण पुष्कळदा बाहेरची जोडणी शाबूत असते आणि आपल्याच भिंतीवरचा राउटर मुका झालेला असतो. मोबाईलवर वायफायचे नाव दिसत नाही, दिसले तर जोडले जात नाही आणि राउटरचे सेटिंगचे पान उघडू पाहावे तर ते उघडता उघडत नाही. अशा राउटरची तपासणी कोणत्या क्रमाने करावी, हा आजचा विषय आहे. या क्रमाचे महत्त्व मला स्वतःच्या एका चुकीमुळे कळले, म्हणून आधी ती चूकच सांगतो.

मे महिन्यातली दुपार होती. आमचा राउटर चार-पाच मिनिटे चालायचा आणि मग उत्तर देणे बंद करायचा. दोन-तीनदा बटण बंद-चालू करून झाल्यावर मी टाचणी घेतली आणि राउटरच्या मागच्या बारीक छिद्रातले रिसेटचे बटण दहा सेकंद दाबून धरले. राउटर सगळे विसरला. वायफायचे नाव आणि पासवर्ड तर गेलाच, पण जोडणी देणाऱ्या मुलाने काही वर्षांपूर्वी स्वतःच्या मोबाईलमध्ये पाहून भरलेले इंटरनेट-जोडणीचे युजरनेमही गेले, आणि ते आमच्याकडे कुठेच लिहून ठेवलेले नव्हते. मूळ बिघाड जागच्या जागी राहिला आणि त्यावर मी दुसरा बिघाड चढवून ठेवला.

संध्याकाळी शेजारचा मुलगा आला. त्याने राउटरकडे पाहिलेसुद्धा नाही, टीव्हीच्या मागे वाकून बोर्डात खोचलेल्या काळ्या अडॅप्टरला बोट लावले आणि म्हणाला, "काका, हात तर लावून पाहा." हात ठेववत नव्हता.

राउटरचे दिवे लागलेले आहेत म्हणजे त्याला पुरेशी वीज मिळते, हा आपला समज चुकीचा असतो. दिव्यांना वीज लागते नाममात्र. खरी ओढ वायफायचा प्रक्षेपक सुरू झाल्यावर पडते. अडॅप्टरमधले कपॅसिटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारे छोटे भाग, उष्णतेने वर्षानुवर्षे वाळत जातात आणि मग ओढ वाढली की व्होल्टेज खाली बसते, राउटर गोंधळतो किंवा स्वतःच पुन्हा सुरू होतो. त्याची खूण डोळ्यांनी दिसते: सगळे दिवे एकदम विझतात, पुन्हा ठरलेल्या क्रमाने लागतात आणि थोड्या वेळाने पुन्हा विझतात. येथे व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटरही फसवतो, कारण राउटर न जोडता मोजले तर आजारी अडॅप्टरसुद्धा १२ व्होल्ट दाखवू शकतो. खरी परीक्षा एकच, दुसरा चांगला अडॅप्टर लावून पाहणे. मात्र पिन बसली म्हणून अडॅप्टर चालेल, असे समजू नये. सारख्याच पिनेचे ५, ९ आणि १२ व्होल्टचे अडॅप्टर घराघरांत पडलेले असतात आणि दिवाळीच्या साफसफाईत सेटटॉप बॉक्सचा आणि राउटरचा अडॅप्टर सहज अदलाबदल होतो. अडॅप्टरवर छापलेला व्होल्टचा आकडा राउटरला लागतो तोच हवा, अँपिअरचा आकडा तेवढाच किंवा जास्त हवा, आणि धन-ऋण दाखवणारे वर्तुळाचे चिन्ह जुळायला हवे. आमचा राउटर नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून आणलेल्या १२ व्होल्ट, २ अँपिअरच्या अडॅप्टरवर त्याच दिवशी शुद्धीवर आला. इंटरनेट मात्र हरवलेल्या युजरनेममुळे तिसऱ्या दिवशी सुरू झाले.

नागपूरकरांना उन्हाळ्याविषयी मी काय सांगावे! २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते, आणि घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात बहुधा ० ते ४० अंश एवढीच मर्यादा छापलेली असते. तरीही आपण त्याला टीव्हीच्या मागे, गरम सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवतो आणि धूळ बसू नये म्हणून वरून क्रोशाचा रुमाल घालतो. बरे, गारव्यासाठी त्याला कूलरच्या झोतात ठेवावे, तर ती दमट हवा आणि उडणारे पाण्याचे तुषार आतल्या जोडण्यांना गंज चढवतात, शिवाय कूलरचा पत्रा वायफायच्या लहरी अडवतो तो वेगळाच. सर्वांत वाईट म्हणजे कूलर आणि राउटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर असणे. कूलरची मोटर सुरू होताना क्षणभर मोठा प्रवाह खेचते, आणि बोर्डातली पत्ती सैल असेल तर तो झटका राउटरला बसतो. राउटर भिंतीवर, उघड्या हवेत आणि स्वतंत्र सॉकेटवर असावा.

वीज नीट आहे असे ठरले, की दिव्यांकडे वळावे. फायबरच्या, म्हणजे प्रकाशाने इंटरनेट आणणाऱ्या काचेच्या तारेच्या, डब्यावर 'एलओएस' (सिग्नल हरवल्याची खूण) हा दिवा लाल झाला असेल तर बाहेरून येणारा प्रकाशच पोहोचत नाही. तार कुठे काटकोनात दुमडली आहे का, कपाटामागे चेपली आहे का, एवढे पाहावे आणि तक्रार नोंदवावी. फायबरचे टोक काढून त्यात डोकावू नये, कारण तो लेझरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

दिवे योग्य असूनही राउटर बोलत नसेल तर वायफाय बाजूला ठेवून लॅपटॉप थेट केबलने जोडावा. केबलवर राउटर उत्तर देत असेल, तर तो जिवंत आहे आणि बिघाड वायफायपुरता आहे. केबल जोडल्यावर लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये त्याला मिळालेला आकडी पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस, पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेला नाही आणि लॅपटॉपने वाट पाहून स्वतःच एक पत्ता लावून घेतला आहे. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर त्याच माहितीत 'डिफॉल्ट गेटवे' म्हणून दिलेला आकडा, म्हणजे राउटरचा स्वतःचा पत्ता, ब्राउझरमध्ये टाकावा. आपण सवयीने १९२.१६८.१.१ टाकतो आणि राउटर मात्र १९२.१६८.०.१ वर बसलेला असतो; माझ्या पाहण्यातल्या निम्म्या तक्रारी येथेच मिटल्या आहेत. वरच्या मजल्यासाठी दुसरा राउटर आणला असेल तर दोघांचा पत्ता एकच नाही ना, हेही पाहावे, कारण एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडे असली की पत्र कोणाच्या हाती पडेल याचा नेम नसतो.

एक गमतीदार प्रकार सांगतो. मोकळे लोंबणारे टोक दिसले म्हणून कोणीतरी केबलची दोन्ही टोके एकाच राउटरमध्ये किंवा स्विचमध्ये, म्हणजे अनेक केबल जोडायच्या डबीत, खोचतो. मग तोच संदेश गोल गोल फिरत राहतो, केबलजवळचे दिवे पिसाटासारखे लुकलुकतात आणि राउटरला दुसऱ्या कोणाला उत्तर द्यायला सवड उरत नाही. सगळ्या केबल काढून एकेक जोडत गेले की दोषी केबल सापडते.

बंद-चालू करायचे तेही घाईने करू नये. वीज काढून अर्धा मिनिट थांबावे. फायबरचा डबा वेगळा असेल तर आधी तो सुरू करावा, त्याचा 'पॉन' दिवा, म्हणजे फायबरची जोडणी जुळल्याची खूण, स्थिर होऊ द्यावा आणि मगच राउटर लावावा.

टाचणीची पाळी या सर्वांनंतर येते. त्याआधी सेटिंगचे पान एकदा जरी उघडले तरी तेथून बॅकअपची फाईल उतरवून घ्यावी, आणि युजरनेम व पासवर्ड जोडणी देणाऱ्याकडून कागदावर लिहून घ्यावा. आमचा कागद आता विजेच्या बिलांच्या फाईलमध्ये आहे. त्याच फाईलमध्ये नव्या अडॅप्टरची पावतीही लावली आहे, म्हणजे पुढच्या एखाद्या मे महिन्यात दिवे पुन्हा एकदम विझू लागले, तर त्याचे वय किती झाले ते लगेच कळेल.

नमस्कार.