मिठाच्या खड्याचं माप

हा माझ्या हातातला गंडम. आत माणूस बसून चालवतो असा महाकाय यंत्रपुतळा, जपानी टीव्ही मालिकेतला. मालिका १९७९ची; बांदाई कंपनीनं त्याचा पहिला किट, म्हणजे प्लास्टिकचे सुटे भाग जोडून करायचं मॉडेल, जुलै १९८०मध्ये काढला, किंमत ३०० येन. कथेत त्याची उंची १८ मीटर, किटचं प्रमाण १/१४४. भागाकार केला की साडेबारा सेंटिमीटर. इथवर शाळेतलं गणित. पण बघणाऱ्याला तो अठरा मीटरचा वाटला पाहिजे, आणि सगळा घाम त्यातच गळतो.

एसटीचं मॉडेल केलं तर ती केवढी असते हे तुम्हाला ठाऊक असतं. गंडम कुणी पाहिलाय? त्याचा आकार सांगायचा तो बारकाव्यांनी आणि मळानं. १९७७च्या 'स्टार वॉर्स'मधल्या मिलेनियम फाल्कन या अवकाशयानाच्या अंगावर मॉडेल करणाऱ्यांनी रणगाड्यांच्या, रेसिंग गाड्यांच्या किटमधले सुटे भाग चिकटवले होते. त्यांना ते 'ग्रीब्ली' म्हणत. काम काहीच नाही त्यांचं! पण बारीकसारीक इतकं दिसलं की जहाज मोठंच असणार, असं डोळा धरून चालतो.

रंगाचंही तसंच. बाटलीतला काळा थेट मारलात की झालं खेळणं. लांबचा डोंगर फिका दिसतो ना, तसा हाही लांबून बघितल्यासारखा वाटावा म्हणून काळ्यात थोडा राखाडी घालायचा. आणि शेवटी मॅट वार्निश. चकाकी राहिली की प्लास्टिक चुगली करतं.

आता मीठ. रंग उडालेला दाखवायला खाली धातूचा राखाडी मारायचा, वाळला की पाण्याचा हात फिरवून वर मीठ भुरभुरायचं. पाणी सुकल्यावर वरचा रंग फवारायचा, तो वाळला की मीठ ब्रशनं झाडायचं. मी पहिल्यांदा स्वयंपाकघरातलं जाडं मीठ उचललं. दोन मिलिमीटरचा खडा गुणिले १४४ म्हणजे जवळजवळ फुटाएवढा पोपडा! अठरा मीटरचा योद्धा ओल आलेल्या भिंतीसारखा दिसायला लागला. बारीक मिठाचा अर्ध्या मिलिमीटरचा कण सात सेंटिमीटरवर येतो, ते पटतं. आणि टाकायचं तेही कुठेही नाही. डेपोत उभे राहून बघा, रंग जातो तो पायरीच्या कडेला, दाराच्या मुठीभोवती, बिजागरीपाशी. गंज मात्र गंडमला दाखवायचा नाही, कथेत कवच टायटॅनियमच्या मिश्रधातूचं आहे. असल्या चुका पकडणारी मंडळी या छंदात फार.

पावसाळ्यात लॅकर, म्हणजे थिनरमध्ये कालवलेला रंग, फवारू नका. थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ रंगात उतरते आणि वर पांढुरकी साय धरते. मी जूनपासून कापणं आणि पॉलिशपेपर घासणं एवढंच करतो. रंग फवारायचा एअरब्रश निघतो तो दसऱ्यानंतर.

घ्या, फिरवा हातोहात. फक्त डोक्यावरच्या डाव्या शिंगाला धरू नका, ते एकदा चिकटवलेलं आहे.