जिवंत पक्ष्यांची मोजणी

(दृश्य: सकाळ. पत्र्याचं लांब शेड. दोन्ही बाजूंचे पडदे दोरीने वर ओढले जात आहेत.)

लातूर जिल्ह्यातला अहमदपूर तालुका. बालाघाटच्या डोंगररांगेतली मुरमाड जमीन. पाऊस झाला तर सोयाबीन आणि तूर, ओल टिकली तर हरभरा. अशा गावात पाच हजार कोंबड्यांचं शेड म्हणजे घरातला दुसरा कमावता माणूस. पिकाचा पैसा वर्षातून एकदा-दोनदा हातात येतो, शेडचा दर दोन महिन्यांनी.

दाराशी चुन्याचा पट्टा आहे. त्यापुढे औषधाच्या पाण्याची उथळ टाकी. बाहेरची चप्पल बाहेरच राहते. आत जायचं ते शेडच्या रबरी चपलेत, पाय बुडवून. आमच्या कॅमेऱ्याचा स्टँडसुद्धा फवारणी झाल्यावरच आत आला.

(दृश्य: मालक शेडच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत आहेत. हातात बादली. पक्षी दोन्ही बाजूंना सरकतात.)

हा फेरा रोजचा. तूस कुठे ओलं झालंय, कुठलं ड्रिंकर गळतंय, कोपऱ्यात कोण मान टाकून बसलंय, सगळं या एका फेऱ्यात कळतं. मेलेला पक्षी उचलून बादलीत टाकायचा. शेवटच्या खांबापाशी पोचलं की मोजायचं आणि परत येऊन लिहायचं.

(दृश्य: नोंदवही, जवळून.)

दाराच्या आतल्या खिळ्याला सुतळीने बांधलेली वही. पानावर पट्टीने आखलेले रकाने: तारीख, वय, मर, शिल्लक, खाद्याची पोती, वजन. आजची ओळ अशी आहे: दिवस ३१, मर ४, शिल्लक ४,८७१.

कॅमेरा या ‘शिल्लक’वर थांबलाय. बर्ड फ्लू आलाच तर पैशाचा सगळा हिशेब इथूनच सुरू होतो. सरकार भरपाई देतं ती आदेशाने मारलेल्या जिवंत पक्ष्यांची. रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्याचा एक रुपयाही मिळत नाही.

(दृश्य: महाराष्ट्राचा नकाशा. नवापूर, मुरुंबा, उदगीर ही ठिकाणं एकेक करून उजळतात.)

भारतातल्या कोंबड्यांमध्ये हा रोग पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. तेव्हा मराठवाड्याला ते लांबचं वाटलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंब्यात बचत गटाच्या फार्मवर दोन दिवसांत सुमारे ८०० कोंबड्या मेल्या आणि अहवालात एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू, आला. पुढे जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे झाडाखाली मरून पडू लागले. त्यांचाही अहवाल तोच. उदगीर इथून फार लांब नाही, आणि कावळ्याला तालुक्याची हद्द नसते.

(दृश्य: शेडची जाळी. बाहेर सांडलेल्या खाद्यावर साळुंक्या आणि कावळे.)

म्हणून ही जाळी. म्हणून सांडलेलं खाद्य लगेच झाडून घ्यायचं. खाद्याची गाडी फाटकाबाहेर थांबते, पोती डोक्यावर आत येतात. अंड्यांचे कागदी ट्रे एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर फिरतात, तेही धोक्याचंच. ट्रे एकदाच वापरावा किंवा धुता येणारा प्लास्टिकचा घ्यावा. या प्रत्येक गोष्टीला खर्च आहे. मालकांनी तो खाद्य-औषधाच्या पानावर न लिहिता वेगळ्या पानावर लिहिलाय, आणि तेच बरोबर आहे. हा विम्याच्या हप्त्यासारखा खर्च आहे, तो वेगळा दिसायला हवा.

(दृश्य: पीपीई किट घातलेलं पथक. हे तालमीचं चित्रण आहे, अशी अक्षरं पडद्यावर.)

ही दृश्यं प्रत्यक्ष साथीची नाहीत. बाधित क्षेत्रात कॅमेरा नेता येत नाही. तालमीत जे दाखवलं तेच आपण क्रमाने पाहू, कारण पैसा कुठे वाचतो आणि कुठे बुडतो ते या क्रमातच आहे.

मर अचानक वाढते. तुरे निळसर पडतात, डोकं सुजतं. लेअर, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्या, असतील तर अंडी एकदम घटतात. शेतकऱ्याच्या मनात पहिल्यांदा येते ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. ओळखीचा रोग, ओळखीची औषधं. मग एक दिवस पाण्यातून औषध देऊन बघायचं, दुसऱ्या दिवशी दुकानदाराला विचारायचं. या दोन दिवसांत शेडमधला ‘शिल्लक’चा आकडा शेकड्यांनी खाली येतो.

२००९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे असा संशय आला की मालकाने गावपातळीवर कळवणं बंधनकारक आहे. ग्रामपंचायत किंवा गावचा अधिकारी ते पशुवैद्यकापर्यंत पोचवतो. डॉक्टर येतात, पक्ष्यांच्या घशातले आणि गुदद्वारातले नमुने घेतात. नमुने बर्फात बंद होऊन प्रयोगशाळेकडे निघतात. शेवटचा शब्द भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेचा. इथून भोपाळपर्यंतचा प्रवास, तपासणी, अहवाल, मग जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. या सगळ्याला दिवस लागतात, आणि त्या दिवसांत पक्षी मरतच असतात.

अहवाल आल्यावर एक किलोमीटरच्या आतलं क्षेत्र बाधित ठरतं आणि दहा किलोमीटरपर्यंतचं निगराणीचं. एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारून शास्त्रोक्त पद्धतीने पुरतात. अंडी आणि खाद्यही नष्ट होतं. खड्ड्याशी पंचनामा होतो: किती पक्षी, किती वयाचे, किती अंडी, किती किलो खाद्य. पंचनाम्यात उतरतो तोच आकडा भरपाईत उतरतो.

(दृश्य: तालमीतलं पथक पक्षी मोजताना. इथे निवेदन नाही, फक्त शेडचा आवाज.)

आता दर बघू. २०२१ च्या साथीतले. आठ आठवड्यांपुढची अंडी देणारी कोंबडी ९० रुपये, त्याआतली २०. मांसल कोंबडी सहा आठवड्यांपुढे ७०, त्याआत २०. अंड्याला ३ रुपये, खाद्याला किलोमागे १२. निम्मा वाटा केंद्राचा, निम्मा राज्याचा.

पाच हजार लेअरच्या फार्मवर कळवायला उशीर झाला आणि पथक येईपर्यंत १,२०० कोंबड्या मेल्या, तर १ लाख ८ हजार रुपये तिथेच गेले. कुणी बुडवले नाहीत, कुणी अडवले नाहीत. मोजायला पक्षीच उरले नाहीत.

मांसल कोंबडीचा दर मात्र आम्हाला खटकतो, आणि ते इथे स्पष्ट बोललं पाहिजे. ही कोंबडी विकली जाते पस्तीस ते बेचाळीस दिवसांत. बेचाळीस दिवस म्हणजे बरोबर सहा आठवडे. म्हणजे शेडमधला जवळपास प्रत्येक पक्षी आयुष्यभर २० रुपयांच्याच रकान्यात राहतो. दोन किलो वजन भरायला त्याने सव्वातीन किलोच्या आसपास खाद्य खाल्लेलं असतं. ते खाद्य पोत्यात राहिलं असतं, तर सरकारच्याच १२ रुपयांच्या दराने त्याचे ३९ रुपये झाले असते. कोंबडीच्या पोटात गेलं म्हणून २०. पिल्लाची किंमत, वीज, औषध, मजुरी यात धरलेलीच नाही. दर वयाऐवजी वजनावर ठरवला, तर हा अन्याय दूर होईल. काटा प्रत्येक शेडवर आहे.

(दृश्य: टोपलीतला काटा. सुपरवायझर दहा पक्ष्यांचं सरासरी वजन घेत आहेत.)

हे शेड करारावर चालतं. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, पाणी, वीज, तूस आणि कष्ट शेतकऱ्याचे. बॅच उचलली की किलोमागे ग्रोइंग चार्ज, म्हणजे पक्षी वाढवल्याचा मोबदला, मिळतो. पक्षी कंपनीचे म्हणजे धोकाही कंपनीचा, असं गावात सर्रास बोललं जातं. ते अर्धंच खरं. पक्षी मारले गेले तर पिल्लांचं नुकसान कंपनीचं, पण चाळीस दिवसांची राबणूक आणि पुढे रिकामं पडलेलं शेड शेतकऱ्याच्याच गळ्यात. निर्जंतुकीकरण होऊन पशुसंवर्धन विभागाचा दाखला मिळेपर्यंत नवी पिल्लं आणता येत नाहीत, आणि बँक हप्त्यासाठी दाखल्याची वाट बघत नाही.

करारावर सही करण्याआधी तीन ओळी शोधायच्या. सरकारी भरपाई आली तर ती कुणाच्या खात्यात, त्यातला शेतकऱ्याचा वाटा किती. आदेशाने बॅच मधेच मारली गेली तर तोपर्यंतच्या दिवसांचा मोबदला मिळणार का. शेड बंद असेल त्या काळात काही रक्कम ठरलीय का. ओळी सापडल्या नाहीत तर सुपरवायझर साहेबांकडून तसं लिहून मागायचं. एकट्याने मागितलं तर टाळतील. गावातल्या सगळ्या शेडवाल्यांनी मिळून मागायचं.

विम्याचं तसंच. पॉलिसीचं पहिलं पान सगळे वाचतात, अपवादांचं पान कुणी वाचत नाही. बर्ड फ्लू त्या पानावर आहे का, सरकारी आदेशाने मारलेले पक्षी धरलेत का, किती मरतूक झाल्यावर दावा सुरू होतो, हे एजंटाला तोंडी विचारू नका, कागदावर दाखवायला सांगा. आणि दाव्यालाही लागते ती हीच रोजची नोंद.

(दृश्य: अंगणातलं खुराडं. एक आजी दाणे टाकत आहेत. आठ-दहा गावरान कोंबड्या.)

खुराड्याची वही नसते. बाधित क्षेत्र ठरलं की या आठ-दहा कोंबड्याही मारल्या जातात, आणि अंडी विकून येणारा बाईच्या हातातला रोखीचा पैसा थांबतो. पथक दारात येईल तेव्हा आजींनी नुसतं बघत न राहता पंचनाम्यात आपलं नाव आणि पक्ष्यांचा आकडा लिहून घ्यायला लावायचा. बँकेचं पासबुक घरात कुठे आहे तेही माहीत हवं, कारण भरपाई खात्यावर येते.

बर्ड फ्लूची बातमी आली की बाधित क्षेत्राबाहेरचे भावही कोसळतात, आणि त्या नुकसानीला भरपाईचा रकानाच नाही. ७० अंशांवर नीट शिजलेलं चिकन आणि अंडं खायला सुरक्षित आहे, हे सांगावं तेवढं थोडं.

(दृश्य: काही दिवसांनंतरची रात्र. बॅच उचलली जात आहे. क्रेट, काटा, गाडीचे दिवे.)

ही बॅच आज सुखरूप जाते आहे. वजन होतं, पावती फाटते, मालक ती वहीत ठेवतात.

घरात खेळतं भांडवल लागतं, त्यासाठी किसान क्रेडिट कार्ड आहे. २०१८-१९ पासून ते पशुपालन आणि कुक्कुटपालनालाही मिळतं. वेळेत परतफेड केली तर दोन लाखांपर्यंत व्याज चार टक्क्यांवर येतं. मालकांनी त्याशिवाय आणखी एक खातं उघडलंय. प्रत्येक बॅचच्या किलोमागे एक रुपया त्यात जातो, आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड त्यांनी घेतलेलं नाही. अचानक मर वाढली तर करायचा फोन, १९६२, त्याच पासबुकाच्या पाठीवर लिहिलाय.

शेडच्या कर्जाचा हप्ता महिन्याला आहे. खात्यात आज दोन हप्त्यांची रक्कम आहे. चार महिने शेड बंद राहिलं, तर आणखी दोन हप्त्यांची सोय करायची बाकी आहे.