पासबुकं तीन, माणूस एक

मंडळी, आज पेन्शनीवरच्या प्राप्तिकराचं बोलायचंय, म्हणून पासबुकं सोबत आणा असं निरोपात मुद्दाम सांगितलं होतं. समोर बघतोय तर बहुतेकांच्या पिशवीत दोन-तीन तरी आहेत. आपल्या बेळगाव-खानापूर भागात हे असंच असायचं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथंच, त्यामुळं फौजेची पेन्शन खूप घरांत. त्यात कुणी पुढं बँकेत चिकटला, कुणी चंदगडकडच्या शाळेत लागला, त्याची दुसरी पेन्शन. शिवाय गावच्या सोसायटीत ठेव असतेच.

मी बँकेत पेन्शनच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. तिथं सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे, "बँकेनं कर कापला नाही, म्हणजे मला कर नाही." याच समजुतीपायी जुलैत, रिटर्न भरायच्या वेळी, माणसं घाबरीघुबरी होऊन यायची. बँकेला फक्त तिच्याकडची पेन्शन दिसते. कर बसतो तो वर्षभराच्या सगळ्या उत्पन्नावर. पेन्शन कर्नाटकाच्या ट्रेझरीतून येवो की महाराष्ट्राच्या, प्राप्तिकर केंद्राचा आहे, नियम तोच.

आकडेच घेऊ. साल 2025-26, नवी करप्रणाली, माणूस 63 वर्षांचा. फौजेची पेन्शन महिना 55,000, वर्षाचे 6,60,000. दुसऱ्या नोकरीची महिना 40,000, वर्षाचे 4,80,000. ठेवींचं व्याज 1,90,000. पहिल्या पेन्शनचा हिशेब करणारा 75,000 ची प्रमाणित वजावट देतो, उरलेलं 12 लाखांच्या आत म्हणून कर शून्य. दुसऱ्या ठिकाणीही 75,000 वजा, कर शून्य. दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण ही वजावट माणसाला एकदाच आहे, पेन्शनीगणिक नाही.

आता बेरीज करा. 13,30,000, त्यातून 75,000 वजा, राहिले 12,55,000. 12 लाख ओलांडले की शून्य कराची ती सवलत जाते, मग टप्प्याटप्प्यानं हिशेब. पहिले 4 लाख मोकळे. पुढच्या 4 लाखांवर 5 टक्क्यांनी 20,000, त्यापुढच्या 4 लाखांवर 10 टक्क्यांनी 40,000, वरच्या 55,000 वर 15 टक्क्यांनी 8,250. झाले 68,250. इथं कायदा थोडा हात देतो: 12 लाखांच्या वर जेवढं उत्पन्न गेलं, त्याहून जास्त कर घेत नाही. म्हणून कर 55,000, त्यावर 4 टक्के उपकर, एकूण 57,200 रुपये. दोन्हीकडं शून्य बघून निर्धास्त बसलेल्या माणसाला हा आकडा केवढा वाटत असेल, विचार करा. वयाची 60 झालेल्या आणि धंद्याचं उत्पन्न नसलेल्यांना आगाऊ कर भरावा लागत नाही. पण रिटर्नच्या मुदतीआधी हे पैसे हाताशी हवेत. ज्या जवानाला सेवेतल्या अपंगत्वामुळंच फौज सोडावी लागली, त्याची अपंगत्व पेन्शन करमुक्त आहे. ती या बेरजेत धरू नका.

पेन्शन विकून, म्हणजे तिचा काही भाग सोडून एकरकमी मिळालेल्या रकमेबद्दल बरेचजण विचारतात. सरकारी आणि फौजेच्या नोकरीत ती पूर्ण करमुक्त. खासगी नोकरीत ग्रॅच्युइटी मिळाली असेल तर पूर्ण पेन्शन विकून जेवढे आले असते त्याचा एक तृतीयांश, नसेल तर निम्मा भाग. महागाई भत्त्याची थकबाकी एकदम हातात आली तर त्यावरच्या कराची सवलत मागणारा फॉर्म 10ई भरा, आणि तो रिटर्नच्या आधी.

आता मागं बसलेल्या मावशींसाठी, कारण त्यांना हे कुणी नीट सांगत नाही. नवऱ्यामागं येते ती फॅमिली पेन्शन. कायदा तिला पगार मानत नाही, इतर उत्पन्न मानतो. म्हणून 75,000 ची वजावट तिला लागू नाही. नव्या प्रणालीत पेन्शनीचा एक तृतीयांश किंवा 25,000, यातलं जे कमी ते वजा होतं. महिना 24,000 असेल तर वर्षाचे 2,88,000, त्यातले 25,000 गेले, राहिले 2,63,000. एवढ्यावर कर नाही. पण वयाची 60 झालेल्या मावशीचं ठेवीवर एका बँकेचं व्याज वर्षाला लाखाच्या वर गेलं आणि 15एच, म्हणजे मला कर बसत नाही, कापू नका असं बँकेला सांगणारा फॉर्म, द्यायचा राहिला, तर व्याजातून 10 टक्के कापले जातात. ते तुमचे पैसे आहेत, रिटर्न भरलं तरच परत येतात. आणि नवरा वर्षाच्या मध्यात गेला असेल, तर त्या तारखेपर्यंतचं त्याचं रिटर्न वारस म्हणून वेगळं भरायचं, तुमचं वेगळं. त्याच्या पेन्शनीला 75,000 ची वजावट मिळते. ती सोडू नका.